बैल गेला तेव्हा गाणं नव्हतं : जनावरांच्या सिनेमातलं संगीत मुलांना ऐकवताना



बेंदराच्या आठवड्यात वर्गात काय घ्यायचं, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. मातीचे बैल करून झाले, बैलावर निबंध झाला, चित्रं रंगवून झाली. मुलंही तेच तेच करून कंटाळतात आणि खरं सांगायचं तर आपणही कंटाळतो. म्हणून या वेळी कलेच्या तासाला मी चौथीच्या वर्गासाठी वेगळं काही ठरवलं. जनावरांवरच्या सिनेमातलं संगीत ऐकायचं. सिनेमा आख्खा दाखवायचा नाही, तुकडे ऐकवायचे आणि मुलांना बोलतं करायचं. हा पाठ कसा झाला, त्यात काय चुकलं, ते सगळं इथे मांडते. चुकलं ते जास्त मांडते, कारण तुम्ही हा तास घेणार असाल तर उपयोग त्याचाच होईल.

आमचं नातेपुते म्हणजे माळशिरस तालुका. नीरा उजव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे ऊस. हंगामात पहाटे पहाटे उसाच्या बैलगाड्या रस्त्याला लागतात आणि झोपेतसुद्धा त्यांची घुंगरं ऐकू येतात. कुणाच्या गाडीवर स्पीकर बांधलेला असतो, त्यावर जुनी गाणी चालू असतात. म्हणजे आमच्या पोरांना जनावर आणि गाणं एकत्र ऐकायची सवय आधीपासूनच आहे. शाळेत फक्त तिकडे लक्ष वेधायचं होतं.

तयारी फार नाही. मोबाईल, एक छोटा स्पीकर आणि फळा. शाळेत टीव्ही आहे, पण मी तो मुद्दाम बंद ठेवला. चित्र दिसलं की कान बंद होतात, हा माझा अनुभव आहे. डी.एड.ला आम्हाला पेटीवर सात स्वर वाजवायला शिकवलं होतं, तेवढंच माझं संगीताचं शिक्षण. तेव्हा ज्यांना वाटतं की आपल्याला गाणं येत नाही म्हणून असा तास घेता येणार नाही, त्यांनी निश्चिंत राहावं. मलाही येत नाही.

सुरुवात मी सिनेमापासून केली नाही, सात स्वरांपासून केली. आपल्याकडे जुन्या ग्रंथांत प्रत्येक स्वर एकेका प्राण्याच्या आवाजाशी जोडलेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंच पक्ष्याचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा असं दिलेलं आहे. त्याच्याही आधीच्या 'नारदीय शिक्षे'त थोडा फरक आहे. तिथे ऋषभ गाई-बैलांच्या हंबरण्याचा आणि धैवत घोड्याचा. ऋषभ या शब्दाचा अर्थच मुळी बैल. हे फळ्यावर लिहिल्याबरोबर वर्गात असा कोलाहल झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. प्रत्येकाला बेडूक व्हायचं होतं. मी दोन मिनिटं होऊ दिलं. मोर कुणी नीट काढला नाही, पण बैल मात्र सगळ्यांना येत होता. वासरू हंबरतं तसा वेगळा, भूक लागल्यावरचा वेगळा, दुसऱ्या बैलाला बघून काढलेला वेगळा. मला या तिन्हींतला फरक माहीत नव्हता. मुलांनी शिकवला.

मग परदेशातलं एक उदाहरण घेतलं. रशियाचा संगीतकार प्रोकोफिएव्ह याने 1936 साली मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहासाठी 'पीटर आणि लांडगा' ही रचना केली. मुलांना वाद्यांची ओळख व्हावी हाच हेतू. त्यात एकजण गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राला एक वाद्य असतं. पक्षी बासरीतून बोलतो, बदक ओबो नावाच्या वाद्यातून, मांजर क्लॅरिनेटमधून. आजोबा बसून नावाच्या जाड आवाजाच्या वाद्यातून कुरकुरतात आणि लांडगा येतो तो तीन हॉर्नमधून. छोटा पीटर म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातली तंतुवाद्यं. मी पात्रांची नावं न सांगता तुकडे लावले आणि विचारलं, "हे कोण असेल?" मांजर बहुतेकांनी ओळखलं. क्लॅरिनेट आमच्या मुलांना नवीन नाही, लग्नातल्या बँडमध्ये असतंच. लांडगाही ओळखला. बदकाला एका मुलीने "सर्दी झालेली म्हातारी" म्हटलं. यापेक्षा चांगलं वर्णन मला सुचलं नसतं.

इथपर्यंत तास मजेत चालला होता. पुढचा भाग मी घाईने मजेत ठेवायला गेले आणि तिथे घसरले.

मी निवडलेला सिनेमा होता 'हाथी मेरे साथी'. 1971 सालचा. तुमच्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी तो टुरिंग टॉकीजला नाहीतर जत्रेतल्या तंबूत पाहिला असेल. निर्माते मद्रासचे चिनप्पा देवर, दिग्दर्शक तिरुमुगम, नायक राजेश खन्ना, नायिका तनुजा. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं आणि गाणी आनंद बक्षींची. यातले लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, आपले मराठी. लहानपणी घरची परिस्थिती बेताची, मेंडोलिन शिकले आणि लहान वयातच वादक म्हणून कमवायला लागले. प्यारेलाल व्हायोलिन वाजवायचे, त्यांचे वडील पंडित रामप्रसाद ट्रम्पेटवादक. मंगेशकरांच्या घरच्या सुरील कला केंद्रात या दोन पोरांची गाठ पडली आणि 1963 च्या 'पारसमणी'पासून 1998 साली लक्ष्मीकांत जाईपर्यंत ही जोडी टिकली. पाचशेच्यावर सिनेमे. हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. लहान वयाची दोन मुलं वाद्यं घेऊन एकत्र वाजवतात आणि पुढे आयुष्यभर एकमेकांना सोडत नाहीत, हे चौथीच्या मुलांना लगेच कळतं. दोघांनी लगेच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात अशी. राजू नावाच्या मुलाला लहानपणी हत्ती बिबट्यापासून वाचवतात. तेव्हापासून चार हत्ती त्याचे सोबती, त्यांतला रामू सगळ्यात लाडका. पुढे श्रीमंती जाते, राजू हत्तींचे खेळ करून पोट भरतो, पुन्हा वर येतो, लग्न होतं, बाळ होतं. बायकोला वाटतं हत्ती बाळाला इजा करील. घरात हत्ती राहील नाहीतर मी, असं होतं. शेवटी मालकावर झाडलेली गोळी रामू स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो.

यात एक गाणं आहे, बंद पडलेली खटारा गाडी हत्ती ओढतो त्या वेळचं. किशोरकुमारने गायलेलं. ते आधी लावलं. म्हटलं, डोळे मिटा आणि नुसत्या पायांनी ठेका धरा. पहिल्यांदा सगळे उड्या मारायला लागले. मग सांगितलं, तुम्ही हत्ती आहात, उड्या मारता येणार नाहीत, आता चाला. वर्गातल्या बाकांच्या मधून तीस हत्ती चालले. हा या पाठातला माझा सगळ्यात आवडता भाग आणि मी तुम्हालाही सुचवीन. गाण्याचा वेग चालण्याचा आहे, पळण्याचा नाही, हे सांगावं लागत नाही, पायांना कळतं. त्यानंतर मी विचारलं, "बैल असता तर कोणता ठेका?" एकाने बाक वाजवून दाखवला. "रिकाम्या गाडीचा का भरल्या गाडीचा?" असं त्यानेच मला उलट विचारलं. रिकाम्या गाडीला घुंगरं भरभर वाजतात, उसाने भरलेल्या गाडीला सावकाश आणि जड, मधे मधे थांबत. त्याने दोन्ही ठेके वाजवले आणि दोन्ही बरोबर होते.

आता शेवटचं गाणं. रामूची अंत्ययात्रा निघते तेव्हाचं. या सिनेमात राजेश खन्नासाठी सगळीकडे किशोरकुमारचा आवाज आहे. 1969 च्या 'आराधना'पासून तोच त्याचा आवाज झाला होता. पण हे एकच गाणं महंमद रफींनी गायलं आहे. नायक तोच, सिनेमा तोच, मग आवाज का बदलला असेल? हा प्रश्न मी मोठ्या उत्साहाने काढून ठेवला होता. माझं स्वतःचं म्हणणं असं की किशोरचा आवाज आत्तापर्यंत हत्तीबरोबर खेळत होता, हसत होता, गाडी ओढून घेत होता. तो खेळणारा आवाज आता थांबला आहे. दुसऱ्याच आवाजात रडणं ऐकू येतं म्हणून ते जास्त लागतं. हे कुणी मला सांगितलेलं नाही, ऐकून वाटलं ते लिहिते. तुम्हाला वेगळं वाटू शकतं. या गाण्यासाठी आनंद बक्षींना प्राण्यांवरची क्रूरता रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेने खास पुरस्कार दिला होता.

गाणं लावलं. वर्ग शांत झाला. पहिल्या कडव्यानंतर पुढच्या बाकावरच्या दोन मुली रडायला लागल्या, मग तिसरी. माझ्याही घशाशी आलं. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं. पाठ जमला असं वाटलं. मुलांच्या डोळ्यात पाणी आलं की आपण शिक्षक लोक फार लवकर खूश होतो.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. एरवी तो असा नसतो, बैलाच्या हंबरण्यात सगळ्यात पुढे तोच होता. मी जवळ जाऊन विचारलं, "तुला नाही आवडलं का गाणं?" तो म्हणाला, "आवडलं की बाई." मग जरा थांबून म्हणाला, "आमचा बैल गेला तवा गाणं नव्हतं. टेंपूचा आवाज हुता नुसता."

मला त्यांच्या घरी बैल विकल्याचं माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. चौतीस मुलांचा वर्ग, प्रत्येकाच्या घरचं कसं माहीत असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकते. पण बेंदराच्या आठवड्यात जनावर मरणारं गाणं वर्गात लावायचं तर आदल्या दिवशी एवढं तरी विचारता आलं असतं, कुणाच्या घरचं जनावर या वर्षी गेलं का, विकलं का? दोन मिनिटांचं काम होतं.

त्या क्षणी काय करावं ते कळलं नाही. मी त्याला म्हटलं, "कसा आवाज होता?" हे चुकून बरोबर विचारलं गेलं असं आता वाटतं. तो सांगायला लागला. टेंपो दारात आला, मागचं फळकूट पाडलं त्याचा आवाज. बैल चढेना. वडलांनी जिभेने च्च च्च केलं, तरी चढेना. बैलाचे खूर फळकुटावर वाजले. आईने त्याआधीच त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घेतली होती, म्हणून तो चढताना काहीच वाजलं नाही. "वाजायला पायजे हुतं," असं तो म्हणाला. नंतर टेंपो दूर जाईपर्यंत गोठ्यातला दुसरा बैल हंबरत होता. तो आवाज त्याने काढून दाखवला नाही. मघाशी तीन प्रकार काढून दाखवले होते, हा काढला नाही.

वर्ग ऐकत होता. गाण्याला रडलेल्या मुली आता रडत नव्हत्या, नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

तास संपला, पण विषय संपला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील शाळेत आले. चिडलेले नव्हते, पण बोलले ते लागलं. "बाई, पोरगं दोन दिस नीट जेवलं नाय. इसरत आलं हुतं. कशाला काढलं ते?" मी माफी मागितली. मग त्यांनीच गोठ्यातली अडचण सांगितली. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, बैलजोडीला वर्षभर चारा घालावा लागतो, एक बैल म्हातारा झालेला. मी काही बोलले नाही. 2019 च्या उन्हाळ्यात माण-सांगोल्याकडे चारा छावण्या होत्या तेव्हा आम्ही नातलगांकडे गेलो होतो, ते मला आठवत होतं. रात्रीच्या अंधारात शेकडो जनावरांच्या घंटा वाजत होत्या आणि खाली माणसं जनावरांशेजारी झोपलेली. जनावर सांभाळायला काय लागतं हे पुस्तकातल्या पाठात येत नाही. आपण वर्गात "बैल आपला मित्र" म्हणतो आणि मुलाला घरी जाऊन मित्र विकलेला दिसतो. मग मुलाच्या मनात वडील काय होतात, याचा विचार मी केला नव्हता. 'हाथी मेरे साथी'मध्ये तर सगळं सोपं आहे. हत्तीवर प्रेम करणारा चांगला, न करणारा वाईट आणि गोळी झाडणारा दुष्ट. आमच्या गावात बैल विकणारा माणूस दुष्ट नसतो. उलट त्याच्याइतकं त्या बैलावर प्रेम कुणीच केलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हा सिनेमा दाखवूच नये का? मला तसं वाटत नाही. मी फक्त सिनेमा चुकीच्या ठिकाणी लावला. तो आधी आणि एकटा लावला. त्याच्या शेजारी 'टिंग्या' ठेवायला हवा होता.

'टिंग्या' 2008 सालचा मराठी सिनेमा. दिग्दर्शक मंगेश हाडवळे जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचे आणि सिनेमाही त्याच भागातला, त्याच बोलीतला. संगीत रोहित नागभिडे यांचं, गीतं लासलगावकडचे शेतकरी कवी प्रकाश होळकर यांची. टिंग्याचं काम केलेल्या शरद गोयेकरला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टिंग्याच्या घरी चितंग्या नावाचा बैल आहे. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तो पडतो आणि जखमी होतो, औताला जुंपायच्या कामाचा राहत नाही. बाप कारभारी कर्जात, बटाट्याची लागवड तोंडावर. नवीन बैल आणायचा तर हा विकायला हवा आणि जखमी बैल घेणार कोण, तर खाटीक. तिकडे शेजारच्या रशिदाची नानी आजारी आहे, तिच्यासाठी सगळे धावपळ करतात. टिंग्या विचारतो की म्हाताऱ्या आजारी माणसाला कुणी विकत नाही, मग माझ्या चितंग्याला का? याचं उत्तर सिनेमात कुणाकडेच नाही, बापाकडेही नाही आणि आईकडेही नाही. इथे कुणी दुष्ट नाही. म्हणून आमच्या भागातल्या मुलांसाठी तो जास्त खरा आहे.

आठवडाभराने मी दुसरा तास घेतला. या वेळी आधी त्या मुलाच्या वडलांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "आता काढलंच हाय तर नीट पुरं करा." पालकांची अशी परवानगी मला आजवर कुणी दिली नव्हती.

'टिंग्या'तले तुकडे मी तसेच, चित्राशिवाय लावले. मुलांना एकच काम दिलं. वहीच्या पानाचे दोन भाग करा, एका बाजूला लिहा 'वाजवलेलं', दुसऱ्या बाजूला 'वाजलेलं'. म्हणजे कुणी वाद्यावर मुद्दाम वाजवलं ते एका बाजूला आणि गोष्टीत आपोआप झालेले आवाज, म्हणजे माणसांची बोलणी, जनावरं, भांडी, पावलं, दुसऱ्या बाजूला. मग तेच काम 'हाथी मेरे साथी'च्या शेवटच्या प्रसंगावर करायला सांगितलं. तिथे बहुतेकांचा 'वाजलेलं'चा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. गाण्याने सगळं झाकून टाकलेलं. 'टिंग्या'त दुसरा रकाना भरला. मुलांना हा फरक स्वतःच्या वहीत दिसला, मला समजावावा लागला नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, त्या पिच्चरात गाणं सांगतंय रडा म्हणून. ह्यात कुणी सांगत नाय." सिनेमाच्या पार्श्वसंगीतावरचं आणखी कुठलं वाक्य मी फळ्यावर लिहिणार होते? तेच लिहिलं.

अर्थात यावरून एक सिनेमा चांगला आणि दुसरा वाईट असं मुलांना सांगू नका, ही विनंती. मी ती चूक होता होता वाचले. एका मुलाने लगेच विचारलं, "मग गाणं असणं खोटं का बाई?" मी त्याला पालखीची आठवण दिली. ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडहून आमच्या नातेपुत्याला मुक्कामाला येते आणि इथून माळशिरसला जाताना पुरंदावडे-सदाशिवनगरला गोल रिंगण होतं. आमच्या वर्गातलं प्रत्येक मूल आई-वडलांच्या खांद्यावर बसून ते रिंगण पाहत मोठं झालं आहे. माउलींचा अश्व धावतो तेव्हा हजारो टाळ एकदम वाजत असतात. टाळ नसते तरी घोडा धावलाच असता. पण त्या टाळांशिवाय ते रिंगण कुणाला बघवेल का? वर्ग एका सुरात "नाय" म्हणाला. तिथे टाळ घोड्याला झाकत नाहीत. बघणाऱ्या सगळ्यांचा श्वास एका ठेक्यात आणतात. रफींचं गाणंही तसंच काही करतं, तंबूत बसलेल्या हजार माणसांना एकदम रडवतं आणि एकट्याने रडायची लाज घालवतं. ते काम लहान नाही. आमच्या आजोबांना सिनेमात रडताना मी एकदाच पाहिलं, ते याच गाण्याला. स्वतःचे बैल गेले तेव्हा ते रडलेले आजीलाही आठवत नव्हते.

आजोबांवरून मोटेची गाणी निघाली. विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल मागे-पुढे करताना मोटकरी गाणं म्हणायचा. गाण्याची ओळ आणि बैलाची चाल एकमेकांना बांधलेली. मोट भरून वर येताना बैल उताराने खाली जात, तेव्हा लांब ओढलेला सूर. मोट रिकामी झाली की बैल मागे सरकत, तेव्हा सूर खाली येई. म्हणजे इथे संगीतकार बैलच. आधी इंजिन आलं, मग विजेची मोटार आली आणि ती गाणी थांबली, कारण मोटारीला गाणं लागत नाही. मी मुलांना गृहपाठ दिला की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, जनावरांशी कोणकोणत्या आवाजात बोलायचे. पालकहो, तुमच्याकडे आजी-आजोबा असतील तर हा गृहपाठ शाळेने न देताही करता येईल. आमच्याकडे चौतीसपैकी एकोणीस मुलांनी करून आणला, जो आमच्या वर्गासाठी विक्रम आहे. थांबवायचा आवाज, वळवायचा, पाणी पाजताना घालायची शीळ, धार काढताना गाईशी बोलायचं हळू आवाजातलं. शिट्टी घातल्याशिवाय बैल पाणी पीत नाही, असं सहा घरांतून लिहून आलं. एका आजीने मोटेच्या गाण्याच्या दोन ओळी नातवाच्या मोबाईलमध्ये म्हणून पाठवल्या. वर्गात त्या लावल्या तेव्हा मुलं आधी हसली, कारण आवाज फार थरथरत होता. मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

तुमच्या शाळेत हा पाठ घ्यायचा झाला तर माझा क्रम आता असा असेल. आधी घरातले आवाज आणि आजी-आजोबा. मग सात स्वर आणि 'पीटर आणि लांडगा', कारण त्यात खेळ आहे. मग 'टिंग्या', वहीच्या दोन रकान्यांसह. 'हाथी मेरे साथी' सगळ्यात शेवटी आणि त्यातही चालण्याचं गाणं संपूर्ण, अंत्ययात्रेचं गाणं वर्ग बघून. शहरातल्या शाळेत बैल नसेल, पण कुत्रं-मांजर गेलेलं मूल असतंच, तेव्हा आधी विचारून घ्या. हे सगळं एका तासात बसवू नका, माझे चार तास गेले. आणि मूल्यमापनाचा तक्ता भरायचाच असेल तर श्रवण, वर्णन आणि ठेका या तीन गोष्टी भरा. कोण रडलं आणि कोण नाही, याची नोंद कुठल्याही रकान्यात करू नका.

बेंदराच्या दिवशी शाळेला सुट्टी असते. आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या दिवशी, तो मुलगा दप्तराबरोबर एक कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत घुंगरमाळ होती. चामड्याचा पट्टा काळा पडलेला, दोन घुंगरं तुटलेली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, वाजवून दावतो." आधी रिकाम्या गाडीचा ठेका वाजवला, मग भरल्या गाडीचा. मुलांनी बाकांवर साथ धरली. मी म्हटलं, ही माळ शाळेत ठेवूया का, पुढच्या वर्षीच्या मुलांना ऐकवता येईल. तो म्हणाला, "नाय बाई. उद्या दुसऱ्याच्या गळ्यात घालायचीय." दुसऱ्याच्या म्हणजे गोठ्यात उरलेल्या बैलाच्या. माळ पिशवीत घालून त्याने पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं आणि शाळा सुटेपर्यंत ती मांडीवर घेऊन बसला. हलला की आत वाजत होती.